वरातीमागून घोडे : थेट प्रक्षेपण आणि ‘विश्वासार्हते’चा पन्नास वर्षांचा वाद

#धागा #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/ १९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादेत क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता. डिस्ने प्लस हॉटस्टारने जाहीर केलेल्या आकड्यानुसार एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक तो एकाच वेळी पाहत होते. अशा सामन्यांच्या वेळचा एक अनुभव घरोघरी परिचयाचा आहे. शेजारच्या घरातून ‘आउट’ची आरोळी उठते आणि हातातील मोबाइलवर गोलंदाज अजून चेंडू पुसत उभा असतो. दोन्ही घरांतील पडद्यांवर शब्द मात्र एकच असतो : ‘लाइव्ह’.

२/ या आरोळीमागे सुमारे पन्नास वर्षांचा एक वाद आहे. जाळे बेभरवशाचे असेल, तर त्यावरून आलेल्या गोष्टीला विश्वासार्ह केव्हा म्हणायचे? पाठवलेले सारे जसेच्या तसे पोहोचले म्हणजे? की जे पोहोचले ते वेळेत पोहोचले म्हणजे? इंटरनेटचा प्रचलित इतिहास पहिले उत्तर गृहीत धरून सांगितला जातो. थेट चित्रप्रक्षेपण मात्र दुसऱ्या उत्तरावर उभे राहिले. या दोन उत्तरांची गल्लत झाली की काय गमावले जाते, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी तरी नीट जाणून घेतले पाहिजे.

३/ आरंभी हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात होता, कारण थेट प्रक्षेपणासाठी वाट राखीव असे. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहाने अटलांटिकपार थेट चित्रे नेली, तेव्हा उपग्रह दोन्ही किनाऱ्यांच्या दृष्टिपथात असेपर्यंतच, म्हणजे एका फेरीत जेमतेम वीस मिनिटे, हा दुवा टिकत असे. परंतु तेवढा वेळ ती वाट त्या चित्राचीच होती. १९७१ मध्ये पुण्याजवळ आर्वी येथे भारताचे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेही याच जगातले. वाट महाग होती आणि मोजक्या संस्थांच्याच आवाक्यात होती. मिळाली की मध्ये दुसऱ्या कोणाची गर्दी नसे.

४/ त्याच दशकात दुसरा एक विचार आकार घेत होता. अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये आपला आराखडा प्रसिद्ध केला : संदेशाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याने मिळेल त्या वाटेने जावे. अणुहल्ल्यात निम्मे जाळे उद्ध्वस्त झाले तरी उरलेल्यातून निरोप पोहोचावा, हा त्यामागचा हेतू. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे अशाच कल्पनेपर्यंत पोहोचले. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव त्यांनीच दिले.

५/ या पद्धतीत वाट कोणाचीच राखीव नाही. त्यामुळे चार गोष्टी घडू शकतात. एखादे पॅकेट हरवते. दोन पॅकेट्स उलट क्रमाने येतात. एकच पॅकेट दोनदा येते. आणि चौथी, सर्वांत चकवणारी गोष्ट म्हणजे एका पॅकेटला ४० मिलिसेकंद लागतात, तर पुढच्याला १४०. पत्रव्यवहाराला यांपैकी कशाचीच फारशी झळ लागत नाही. थेट चित्राला चौथीसुद्धा पुरेशी घातक ठरते, कारण पडद्याला ठरलेल्या क्षणी पुढची चौकट हवीच असते.

६/ १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेटने हा प्रश्न काटेकोरपणे सोडवला होता. त्याच्या नोड-संगणकांनी पॅकेट तपासायचे, पोच मागायची, पोच न आल्यास पुन्हा पाठवायचे आणि सारे क्रमाने हवाली करायचे, अशी रचना होती. मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी निरनिराळी जाळी जोडणाऱ्या टीसीपीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातही क्रमवारी, पोच आणि पुनर्प्रेषण ही जबाबदारी होतीच. फरक एवढाच की ती आता जाळ्याऐवजी दोन्ही टोकांच्या संगणकांवर आली. फाइल, टपाल, आज्ञा या सर्वांसाठी हा बंदोबस्त उत्तम होता.

७/ याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत, थोडक्यात ‘आयएसआय’मध्ये, डॅनी कोहेन एका निराळ्या उद्योगात होते. त्यांना आर्पानेटवरून माणसाचे बोलणे न्यायचे होते, तेही चालू संभाषणात. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांच्या ‘नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल’चा पहिला प्रयोग झाला. पुढच्या वर्षी आयएसआय आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात, म्हणजे अमेरिकेच्या दोन टोकांना, पॅकेट्समधून बोलणे होऊ लागले.

८/ तेव्हा जाळ्याचा काटेकोरपणाच त्यांच्या आड आला. एक पॅकेट हरवले की त्याची नवी प्रत येईपर्यंत मागची सारी पॅकेट्स अडवून धरली जात. येऊन पोहोचलेला आवाज दाराशीच ताटकळे आणि ऐकणाऱ्याला शांतता ऐकू येई. हरवलेला तुकडा अखेर येई तेव्हा त्याचा क्षण उलटून गेलेला असे. मराठीत याला अचूक शब्दप्रयोग आहे : वरातीमागून घोडे. घोडा खरा, धडधाकट, ठरलेलाच. पण वरात पुढे गेल्यावर त्याचा उपयोग काय?

९/ कोहेन यांचा आग्रह असा की बोलण्यासाठी जाळ्याने हरवलेल्याचा पाठलाग करू नये. जे आले ते लगेच द्यावे. उरलेले कसे सावरायचे ते ऐकणारे टोक पाहील. संभाषणात एक अक्षर गळले तर कान ते भरून काढतो, पण विलंब वाढला की दोन माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दूरध्वनीसाठी एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची शिफारस केली. सारा तंटा एवढ्याशा अवकाशातला आहे.

१०/ ऑगस्ट १९७७ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एका टिपणात टीसीपीच्या तत्कालीन रचनेवर टीका केली : एकाच नियमावलीत दोन निरनिराळी कामे कोंबली आहेत, ती वेगळी करावीत. १९७८ च्या प्रारंभी सर्फ, पोस्टेल आणि कोहेन यांच्या चर्चेतून ही फोड निश्चित झाली. पॅकेट पत्त्यावर नेणे हे आयपीचे काम ठरले. पोहोचल्याची हमी देणे हे टीसीपीचे. ज्याला हमी नको, त्याला टीसीपीला वगळून थेट आयपीचा आधार घेता येईल.

११/ ऑगस्ट १९८० मध्ये पोस्टेल यांनी ही मोकळी वाट नियमबद्ध केली : यूडीपी. तिची मूळ नियमावली अवघ्या तीन पानांची आहे. पॅकेटच्या माथ्यावर फक्त ८ बाइटांची नोंद. पोच नाही, क्रम नाही, पुनर्प्रेषण नाही. टपालाच्या भाषेत सांगायचे तर टीसीपी म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पत्र, आणि यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड. इंटरनेटच्या इतिहासात या पोस्टकार्डाला बहुधा तळटिपेतच जागा मिळते. हा अन्याय आहे. हरवण्याची मुभा लेखी स्वरूपात दिली गेली, म्हणूनच पुढे थेट आवाज आणि चित्र शक्य झाले.

१२/ या निर्णयाची तात्त्विक बाजू सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८१ मध्ये मांडली आणि १९८४ मध्ये विस्ताराने छापली. त्यांच्या निबंधातील एक उदाहरण इतिहासप्रेमींनी मनात कोरून ठेवावे असे आहे. दोन माणसे बोलत असतील, तर हरवलेला शब्द ऐकणारा पुन्हा विचारू शकतो; तिथे विलंब टाळणे महत्त्वाचे. पण तोच आवाज नंतर ऐकण्यासाठी साठवला जात असेल, तर विलंबाने काही बिघडत नाही. तिथे एकही तुकडा गळता कामा नये. आवाज तोच, यंत्रे तीच. केवळ ऐकण्याची वेळ बदलली की विश्वासार्हतेचा अर्थ उलटा होतो.

१३/ अर्थात या मुभेवर एक रास्त आक्षेप आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेतील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यातील दुव्यावर गर्दी इतकी वाढली की सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर कोसळला. अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला : गर्दीची चाहूल लागताच टीसीपीने स्वतःहून वेग कमी करावा. यूडीपीवर असे कोणतेच बंधन नाही. चित्र पाठवणाऱ्या प्रत्येकाने बेफाम पॅकेट्स सोडली, तर रजिस्टर पत्रांनाही वाट उरणार नाही. म्हणून हमी सोडली तरी सामाजिक शिस्त सोडता येत नाही. ती पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्वतः पाळावी लागते.

१४/ मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज सुमारे २० ठिकाणी थेट पोहोचवण्यात आला. याच जाळ्याला पुढे ‘एमबोन’ म्हणू लागले. २४ जून १९९३ रोजी झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातून ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या संगीतचमूने त्यावर थेट कार्यक्रम केला आणि तो ऑस्ट्रेलियातही पाहिला गेला. चित्र लहान आणि अडखळते होते. जानेवारी १९९६ मध्ये या अनुभवांतून आरटीपी ही नियमावली प्रसिद्ध झाली. तिने प्रत्येक पॅकेटवर दोन गोष्टी लिहायला लावल्या : अनुक्रमांक आणि वेळेची खूण. पहिल्याने काय हरवले ते कळते, दुसरीने कोणता तुकडा कोणत्या क्षणाचा ते कळते. पोहोचण्याची हमी आरटीपीही देत नाही.

१५/ मग हरवलेले सावरायचे कसे? एक मार्ग आधीपासूनच होता. बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चुका स्वतःच दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. १९६० मध्ये लिंकन प्रयोगशाळेतील रीड आणि सॉलोमन यांनी आपली प्रसिद्ध पद्धती मांडली. तत्त्व असे : मूळ मजकुराबरोबर थोडा हिशोबी जादा मजकूर पाठवावा, म्हणजे हरवलेले न मागताच पुन्हा घडवता येते. समजा १०० पॅकेट्स १० ओळी आणि १० स्तंभांच्या चौकटीत मांडली आणि प्रत्येक स्तंभामागे एक जादा पॅकेट जोडले. आता सलग १० पॅकेट्स हरवली, तरी प्रत्येक स्तंभातून एकच गेलेले असते आणि सर्व परत मिळतात. किंमत म्हणजे दहा टक्के जादा भार, शिवाय चौकट पूर्ण होईपर्यंतची प्रतीक्षा.

१६/ दुसरा मार्ग म्हणजे पुन्हा मागणे. बिनतारी तारायंत्रणेसाठी नेदरलँड्समध्ये व्हॅन डुरेन यांनी १९४० च्या दशकातच आपोआप पुनर्प्रेषण मागणारी पद्धती सिद्ध केली होती. टीसीपीनेही तेच केले. पण त्याच्या मागण्याला अंत नाही. सारे हाती येईपर्यंत ते पुढचे काही देत नाही. थेट चित्रासाठी एक छोटी अट जोडणे आवश्यक होते : मागा, पण मुदतीच्या आतच. मुदत टळली की तो तुकडा सोडून द्या आणि पुढे चला.

१७/ कॅनडातील हायव्हिजन या कंपनीने घडवलेली ‘एसआरटी’ ही पद्धती याच अटीवर चालते. २०१३ मध्ये ती जगासमोर आली. एप्रिल २०१७ मध्ये तिचा स्रोत-संकेत सर्वांसाठी खुला करण्यात आला. गंमत अशी की तिचा पाया असलेली यूडीटी ही पद्धती मुळात प्रचंड फाइली पाठवण्यासाठी घडवलेली होती. तीत वेळेचे भान घातल्यावर ती चित्रासाठी योग्य झाली. समजा जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागतात. प्रथेनुसार त्याच्या चौपट, म्हणजे ४०० मिलिसेकंदांची मुदत ठेवली, तर हरवलेले पॅकेट तीनचार वेळा मागता येते. तरीही न आले, तर यंत्रणा ते जाणूनबुजून सोडून देते. त्या क्षणी पडद्यावर चित्र किंचित फुटते, पण पुढे सरकते.

१८/ संकेत खुला झाल्याचे महत्त्व तांत्रिक गुणांहून कमी नाही. टेलस्टार आणि आर्वीच्या काळात थेट चित्र म्हणजे राखीव वाट आणि ती विकत घेण्याची ऐपत. आता साधी इंटरनेट जोडणी, एक कॅमेरा आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर तालुक्याच्या गावातील सभा किंवा कुस्तीचा फड टिकाऊपणे प्रक्षेपित करता येतो. मुदत किती ठेवायची हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. मुदत वाढवली की चित्र स्वच्छ होते आणि शिळे होते. कमी केली की ताजे राहते आणि फाटते.

१९/ इथे एक अडचणीची गोष्ट मान्य केली पाहिजे. मैदानापासून प्रक्षेपण केंद्रापर्यंत मुदतीचा विचार जिंकला, तरी केंद्रापासून कोट्यवधी मोबाइलपर्यंतच्या टप्प्यात टीसीपीच विजयी झाले. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत चित्राच्या लहान लहान फाइली होतात आणि त्या साध्या संकेतस्थळाप्रमाणे वाटल्या जातात. आरंभीच्या शिफारशीनुसार एक फाइल १० सेकंदांची आणि प्रेक्षक तीन फाइली मागे. म्हणजे सुमारे अर्धा मिनिट उशीर. कोट्यवधींना स्वस्तात आणि न फुटता चित्र देण्याची ही किंमत होती. शेजाऱ्याच्या डिश अँटेनावरचे चित्र आधी येते आणि मोबाइलवरचे नंतर, त्याचे मुख्य कारण हेच. नंतरच्या सुधारणांनी हे अंतर घटवले, पण मिटवले नाही.

२०/ यात फसवणूक तंत्रज्ञानाची नाही, शब्दाची आहे. अर्धा सेकंद मागे असलेले आणि अर्धा मिनिट मागे असलेले, दोन्ही ‘लाइव्ह’ म्हणून विकले जाते. सामन्यात त्याने फार तर रसभंग होतो. पण निवडणुकीची मतमोजणी, पुराची पातळी, एखादे जनआंदोलन यांचे थेट चित्र पाहून माणसे निर्णय घेतात. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, तसा थेट चित्रावर त्याचा विलंब लिहिला जावा, ही मागणी अवाजवी नाही. यंत्रणेला तो आकडा अंदाजे ठाऊक असतोच.

२१/ दुसरा धोका थेट इतिहासाच्या मुळाशी जातो. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून नील आर्मस्ट्राँग यांचे चित्र आले ते सेकंदाला १० चौकटी आणि ३२० रेषा अशा संथ पद्धतीचे. घरच्या टीव्हीला ते चालत नसे. म्हणून भूकेंद्रांवर एका पडद्यावर ते दाखवून त्यावर दुसरा कॅमेरा रोखला गेला. रूपांतरात चित्र बरेच बिघडले, पण जगाला ते वेळेवर दिसले. थेट प्रक्षेपण म्हणून हा निर्णय निःसंशय योग्य होता.

२२/ मूळ संथ चित्र दूरमापनाच्या चुंबकीय फितींवर नोंदवले गेले होते. त्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. आज मानवजातीकडे त्या पावलांचे जे चित्र आहे, ते घाईच्या रूपांतरातून आलेले आहे. वेळेसाठी तडजोड करणे ही चूक नव्हती. जगाने पाहिले म्हणजे जतन झाले, हे गृहीत धरणे ही चूक होती.

२३/ आज हीच चूक रोज, लक्षावधी वेळा होत आहे. थेट प्रक्षेपण संपले की त्याचीच नोंद संग्रहात जाते. मुदतीअभावी सोडून दिलेली पॅकेट्स, गर्दीत घसरलेला दर्जा, गोठलेले क्षण या साऱ्या भोकांसकट ती उद्याचे ‘मूळ साधन’ बनते. कॅमेऱ्यातील स्वच्छ मूळ नोंद मात्र कार्ड रिकामे करण्यासाठी पुसली जाते. थेट प्रेक्षकाला दिलेली विश्वासार्हता वेळेची होती. उद्याच्या अभ्यासकाला हवी असलेली संपूर्णतेची आहे. पहिलीसाठी केलेला त्याग दुसरीवर लादण्याचे काहीच कारण नाही. वरातीमागून आलेला घोडा वरातीला निरुपयोगी असतो, दप्तराला नव्हे.

२४/ तेव्हा गावचा उत्सव, गडावरचे व्याख्यान, ग्रामसभा यांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या तरुणांनी दोन कामे वेगळी ठेवावीत. पाहणाऱ्यांसाठी मुदत पाळणारी वाट वापरावी आणि फुटलेल्या चित्राची लाज बाळगू नये. त्याच वेळी कॅमेऱ्यात पूर्ण दर्जाची नोंद सुरू ठेवावी आणि ती नंतर सावकाश, पोचपावतीसह, संग्रहात पाठवावी. कितीही उशीर झाला तरी चालेल.

(धागा समाप्त)